पदवीशिवाय ग्राहकसेवा आणि कर्ज-समुपदेशन : खान्देशातील उमेदवारांनी कामाचा क्रम कसा ठेवावा

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत दहावी-बारावीनंतर शिक्षण थांबलेले अनेक तरुण-तरुणी कर्ज-समुपदेशनाच्या कामाकडे वळू पाहतात. त्यांतले बहुतेक जण एकाच ठिकाणी अडकतात. ते आधी पैसे भरून एखादा प्रमाणपत्राचा वर्ग लावतात, मग काम शोधतात, आणि शेवटी हाती येते ते वसुलीचे किंवा कर्जाच्या फायली गोळा करण्याचे काम. पदवी नसल्यामुळे आपले अडले, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात बऱ्याचदा क्रम उलटा झालेला असतो. या कामात आधी ग्राहकसेवा, मग कर्जाचे नियम, मग प्रमाणपत्र आणि सर्वांत शेवटी समुपदेशन असा क्रम धरावा लागतो. त्यातली पायरी गाळली, तर पुढे कर्जदाराचेच नुकसान होते.

सुरुवातीलाच तीन कामांतला फरक ध्यानात घ्यावा. कर्ज मिळवून देणारा प्रतिनिधी कर्ज मंजूर झाले की दलाली घेतो. वसुली प्रतिनिधी थकलेला हप्ता आणतो. समुपदेशक मात्र कर्जदाराच्या बाजूला बसून त्याची सगळी कर्जे, घरखर्च आणि हक्क एका कागदावर मांडतो व कोणते देणे आधी फेडायचे हे ठरवायला मदत करतो. एकाच कुटुंबासाठी यांतली दोन कामे एकाच माणसाने करू नयेत.

पायरी १ : कागदपत्रे आणि स्वतःचा पतअहवाल

शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीची गुणपत्रके, आधार, पॅन, अधिवास प्रमाणपत्र आणि बँकेचे पासबुक समोर ठेवून प्रत्येकावरील नाव अक्षरशः ताडून पाहावे. वडिलांचे नाव एका ठिकाणी पूर्ण आणि दुसऱ्या ठिकाणी आद्याक्षरात, लग्नानंतर बदललेले आडनाव, जन्मतारखेत एका दिवसाचा फरक अशा चुका इथे फार आढळतात, आणि त्या नोकरीच्या शेवटच्या टप्प्यावर उघड होतात. दुरुस्तीला आठवडे लागतात, म्हणून ती अर्ज करण्याआधीच करून घ्यावी. पैशांशी संबंधित कामासाठी पोलिसांचे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र बहुतेक वेळा मागितले जाते. त्याचा अर्ज ऑनलाइन करता येतो.

दुसरे काम बहुतेक जण विसरतात. स्वतःचा पतअहवाल, म्हणजे आपण घेतलेल्या कर्जांची आणि त्यांच्या फेडीची नोंद, काढावा. भारतात ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार पतमाहिती कंपन्या आहेत. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळण्याचा हक्क आपल्याला आहे. या नोंदीवरून काढलेला पतगुण ३०० ते ९०० या दरम्यान असतो. कर्ज देणाऱ्या अनेक संस्था नोकरी देतानाही उमेदवाराचा अहवाल पाहतात, हे एक कारण झाले. त्याहून मोठे कारण असे की, ज्याने स्वतःचा अहवाल ओळीओळीने वाचलेला नाही, त्याला दुसऱ्याचा अहवाल समजावून सांगता येत नाही.

*सावधान :* ‘पतगुण वाढवून देतो’ असे सांगणाऱ्या कोणालाही ओटीपी, पासवर्ड किंवा शुल्क देऊ नये. खरी असलेली थकबाकी अहवालातून पुसून देण्याचा अधिकार कोणत्याही मध्यस्थाला नाही.

पायरी २ : भाषा, नोंद आणि हिशेब यांचा तीन महिने सराव

खान्देशातील उमेदवाराकडे एक भांडवल आधीपासून असते आणि तो ते मुलाखतीत लपवतो. घरात अहिराणी, लेवा गणबोली, तावडी, भिली किंवा पावरी बोलली जाते याचा त्याला संकोच वाटतो. काउंटरवर घाबरून आलेल्या शेतकऱ्याला ‘काय व्हयनं भाऊ?’ असे विचारले की तो मोकळा होतो. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या ग्राहकाला पावरी वा भिलीत दोन वाक्ये ऐकायला मिळाली, तर तो सही करण्याआधी प्रश्न विचारतो. म्हणून अर्जात या बोलींचा उल्लेख स्पष्टपणे करावा. मात्र लेखी नोंद नेहमी प्रमाण मराठीत, आणि संस्थेची पद्धत असेल तर इंग्रजीत करायला शिकावे. बोली बोलण्यासाठी आणि प्रमाणभाषा लिहिण्यासाठी, ही विभागणी सुरुवातीपासून अंगवळणी पाडावी.

नोंदीचा सराव घरीच करता येतो. शेजारच्या कोणाची वीजबिलाची, गॅसची किंवा रेशनची तक्रार ऐकून घ्यावी आणि ती पाच ओळींत लिहावी : कोण, काय घडले, केव्हा, आतापर्यंत कोणाला सांगितले, आणि काय हवे आहे. मग त्यांना ती वाचून दाखवावी. ‘हो, असंच म्हणायचं होतं मला’ असे उत्तर येईपर्यंत पुन्हा लिहावी. रोज एक याप्रमाणे तीन महिन्यांत नव्वद नोंदी होतात, आणि मुलाखतीत दाखवण्यासाठी त्या वहीएवढा भक्कम पुरावा दुसरा नाही. दाखवताना माणसांची नावे, पत्ते आणि ग्राहक क्रमांक झाकावेत.

हिशेबाचा सराव सोडून चालत नाही. बाजारात व्याज तीन भाषांत बोलले जाते आणि तिन्ही एकमेकांत बदलता आली पाहिजेत.

पहिली भाषा शेकड्याची. ‘तीन रुपये शेकडा’ म्हणजे शंभर रुपयांवर महिन्याला तीन रुपये, म्हणजेच वर्षाला ३६ टक्के. हे तीन टक्के वार्षिक व्याज आहे असे समजणारे कर्जदार आजही भेटतात.

दुसरी भाषा सरळ दराची. १,००,००० रुपये सरळ १२ टक्क्यांनी २४ महिन्यांसाठी घेतले, तर व्याज २४,००० रुपये आणि हप्ता सुमारे ५,१६७ रुपये होतो. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण लाखावर लावले जाते. घटत्या शिल्लकेवर, म्हणजे दर महिन्याला उरलेल्या मुद्दलावरच व्याज धरून मोजले, तर हाच दर वर्षाला सुमारे साडेएकवीस टक्के पडतो.

तिसरी भाषा घटत्या शिल्लकेची, जी बँका वापरतात.

*पडताळणी :* ही तिन्ही गणिते कागद-पेन्सिल आणि साधे कॅल्क्युलेटर वापरून, कोणाचीही मदत न घेता, दहा मिनिटांत मांडता येतात का? येत नसतील तर पुढच्या पायरीकडे जाऊ नये.

पायरी ३ : पहिली जागा निवडणे

पदवीची अट नसलेली किंवा बऱ्याचदा बारावीवर भागणारी कामे आपल्या भागात चार प्रकारची दिसतात : बँक मित्र (बँकेच्या वतीने गावात खात्याचे व्यवहार करून देणारा प्रतिनिधी) व ग्राहकसेवा केंद्र, आपले सरकार सेवा केंद्र, दुचाकी-ट्रॅक्टर विक्रेत्यांकडील कर्जविभाग किंवा रुग्णालयांची चौकशी खिडकी, आणि लघुवित्त संस्थांची, म्हणजे मुख्यतः महिलांच्या गटांना छोटी विनातारण कर्जे देणाऱ्या संस्थांची, क्षेत्रीय कामे. बचतगटांत असलेल्या महिलांसाठी उमेद या शासनाच्या ग्रामीण बचतगट अभियानातील बँक सखी आणि आर्थिक साक्षरतेचे काम करणारी सखी, तसेच माविमची (महिला आर्थिक विकास महामंडळाची) लोकसंचालित साधन केंद्रे ही वाट अधिक जवळची आहे. गटाचे हिशेब ठेवण्याचा अनुभव तिथे ग्राह्य धरला जातो. कॉल सेंटरची नोकरी करायची असल्यास बहुधा नाशिक किंवा पुण्याला जावे लागते. ती वाईट नाही, पण राहण्याचा खर्च वजा करून पगार मोजावा.

माझे मत स्पष्ट आहे. पुढे समुपदेशक व्हायचे असेल, तर पहिले वर्ष बँक मित्र किंवा बँक सखीच्या जागेवर काढावे. तिथे खाते का गोठले, अनुदान कोणत्या खात्यात गेले, विम्याचा हप्ता न विचारता का कापला गेला, हे प्रश्न रोज समोर येतात आणि कर्जाच्या अडचणी नेमक्या कुठून सुरू होतात ते कळते. लघुवित्ताच्या क्षेत्रीय कामातही खूप शिकायला मिळते. पण तिथे वसुलीचे लक्ष्य डोक्यावर असते, आणि त्या दबावात पहिल्याच वर्षी ऐकून घेण्याची सवय मोडते.

नियुक्तिपत्र हाती आल्यावर तीन गोष्टी तपासाव्यात : ठरलेला पगार किती आणि कमिशन किती, पेट्रोलचा खर्च कोण देणार, आणि रोख रकमेत तूट आली तर ती कोणाकडून भरून घेणार. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लेखी नसेल, तर रोख हाताळण्याचे काम स्वीकारू नये.

*सावधान :* नोकरीसाठी आगाऊ ‘अनामत’, ‘आयडीचे पैसे’ किंवा ‘प्रशिक्षण शुल्क’ वैयक्तिक खात्यावर किंवा फोनवर मागणाऱ्याला ते देऊ नयेत. बँक मित्राचे केंद्र हवे असेल, तर संबंधित बँकेच्या शाखेत जाऊन तिने नेमलेली कंपनी कोणती, हे आधी विचारावे.

पायरी ४ : तक्रार हाताळण्याची शिस्त

काउंटर असो वा फोन, क्रम एकच : अभिवादन, ओळख पडताळणी, मध्ये न बोलता ऐकणे, ऐकलेले आपल्या शब्दांत परत सांगणे, काय करणार आणि केव्हा हे सांगणे, आणि तक्रार क्रमांक लिहून देणे. नवखे लोक ऐकलेले परत सांगण्याची पायरी हमखास गाळतात. ‘बघतो’, ‘उद्या या’, ‘सर्व्हर डाउन आहे’ ही उत्तरे टाळावीत. त्याऐवजी ‘गुरुवारी दुपारपर्यंत मी तुम्हाला फोन करीन, उत्तर आलेले नसले तरी करीन’ असे सांगावे आणि तसा फोन खरोखर करावा.

पायरी ५ : कर्जाचे नियम

या पायरीला सहा महिने द्यावेत. नियम पाठ करून उपयोग नाही. प्रत्येक नियम कोणत्या संस्थेला लागू होतो, हे त्याच्यापुढे लिहिता आले पाहिजे. बहुतेक चुका तिथेच होतात.

संस्थेची ओळख आधी पटवावी. बँक आणि बिगरबँक वित्तीय कंपनी यांच्यावर रिझर्व्ह बँकेचे नियंत्रण असते. पतसंस्था सहकार कायद्याखाली येतात, त्यामुळे त्यांच्याविरुद्धची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, चालत नाही. ती तालुक्याच्या सहाय्यक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे करावी लागते. बँकेतील ठेवीला असणारे ५ लाख रुपयांपर्यंतचे ठेवविमा संरक्षणही पतसंस्थेला नसते. आपल्या भागात पतसंस्थांत ठेवी अडकलेली असंख्य कुटुंबे आहेत, आणि त्यांना चुकीच्या दारी पाठवले की त्यांची आधीच गेलेली वर्षे आणखी वाया जातात. खासगी सावकाराला महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ लागू होतो. त्याच्याकडे परवाना आहे की नाही, हेसुद्धा सहकार खात्याच्या कार्यालयातच कळते.

वसुलीच्या वेळा लोक सरसकट एकच समजतात. थकीत कर्जासाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, असे रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात बजावले. लघुवित्त कर्जाला मात्र वेगळे निर्देश आहेत आणि त्यांत ही मर्यादा सकाळी ९ ते संध्याकाळी ६ अशी आहे. गटकर्जाच्या महिलेला सातपर्यंतची वेळ सांगणे म्हणजे तिचा एक तासाचा हक्क काढून घेणे होय.

त्याच निर्देशांनुसार वार्षिक ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज लघुवित्त समजले जाते, आणि त्या कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मासिक हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपेक्षा अधिक होतील असे कर्ज देता येत नाही. चार-चार गटांची कर्जे असलेल्या घरात गेल्यावर प्रत्येक कर्जाच्या वेळी उत्पन्न किती दाखवले गेले, हे विचारावे. ते बहुधा फुगवलेले आढळते.

पतअहवालातील ‘क्लोज्ड’ आणि ‘सेटल्ड’ हे दोन शेरे वेगळे आहेत. पूर्ण फेड झाली की पहिला येतो. तडजोडीत काही रक्कम माफ झाली की दुसरा येतो आणि तो पुढच्या कर्जाला आडवा येतो. तडजोड करूच नये असे मी म्हणत नाही. कधी तोच एक मार्ग उरतो. पण हा परिणाम आधी सांगितला पाहिजे आणि तडजोडीचे पत्र संस्थेकडून लेखी घेतले पाहिजे. अहवालातील चूक तक्रारीनंतर ३० दिवसांत दुरुस्त झाली नाही, तर त्यापुढील प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई मागता येते.

घराचे किंवा जमिनीचे मूळ कागद, कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत परत मिळाले पाहिजेत. संस्थेमुळे उशीर झाला, तर दिवसाला ५,००० रुपये भरपाईची तरतूद आहे.

१ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसोबत मुख्य तथ्य पत्रक देणे बंधनकारक आहे. त्यात सर्व शुल्कांसह वार्षिक खर्चाचा दर लिहिलेला असतो. कर्जदार ते घरी ठेवतात आणि वाचत नाहीत. आपण ते सोबत बसून वाचावे.

बँक किंवा वित्तीय कंपनीविरुद्ध तक्रार असल्यास आधी त्या संस्थेकडे लेखी द्यावी, पोच घ्यावी, ३० दिवस थांबावे आणि उत्तर न आल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास लोकपालाकडे जावे. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. पोच न घेता थेट लोकपालाकडे केलेली तक्रार परत येते.

*पडताळणी :* एका कोऱ्या कागदावर बँक, वित्तीय कंपनी, लघुवित्त संस्था, पतसंस्था आणि सावकार असे पाच रकाने आखावेत. प्रत्येकाखाली नियंत्रक कोण, तक्रार कुठे आणि कोणता कागद मागायचा, हे न पाहता लिहावे. एकही रकाना रिकामा राहिला, तर अजून कोणालाही सल्ला देऊ नये.

पायरी ६ : प्रमाणपत्र

आता प्रमाणपत्राची वेळ येते. बँक मित्रांसाठी आणि वसुली प्रतिनिधींसाठी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स ही संस्था परीक्षा घेते. वसुलीच्या अभ्यासक्रमासाठी पदवीधरांना ५० तासांचे, तर पदवी नसलेल्यांना १०० तासांचे प्रशिक्षण असते. दुप्पट तास हा कमीपणा समजू नये. वसुली करायची नसली तरी समोरच्या बाजूचे नियम त्यातून कळतात. शुल्क आणि पात्रता नेहमी संस्थेच्या स्वतःच्या सूचनेतच वाचावी, वर्गचालकाच्या पत्रकावर विसंबू नये.

समुपदेशनाच्या जागा प्रामुख्याने दोन ठिकाणी असतात : बँकांची आर्थिक साक्षरता केंद्रे, आणि रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पातील, स्वयंसेवी संस्थांमार्फत चालणारी तालुका पातळीवरील केंद्रे. पहिल्या प्रकारात समुपदेशक म्हणून बहुधा निवृत्त बँक अधिकारी नेमले जातात, म्हणून पदवी नसलेल्याने दुसऱ्या प्रकारावर लक्ष द्यावे. आपल्या तालुक्यात हे काम कोणती संस्था पाहते, हे जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या (जिल्ह्यातील बँकांच्या कामाचा मेळ घालणाऱ्या बँकेच्या) कार्यालयात कळते. तिथे ईमेल करून थांबू नये. नोंदींची वही घेऊन स्वतः जावे आणि गावातील शिबिरांत मदत करण्याची तयारी दाखवावी.

पायरी ७ : पहिले समुपदेशन, तेही अनुभवी व्यक्तीच्या शेजारी बसून

समजा, चोपडा तालुक्यातील एक कुटुंब आले आहे. नवऱ्याला दाळ मिलमध्ये महिन्याला १४,००० रुपये मिळतात, बायकोला हंगामात शेतमजुरीचे ४,००० रुपये. दोन एकर कापूस आहे. घरखर्च ११,५०० रुपये. दुचाकीचा हप्ता ३,१००, गटाचे हप्ते महिन्याला १,९००, आणि सावकाराचे ४०,००० रुपये तीन रुपये शेकड्याने, म्हणजे महिन्याला १,२०० रुपये नुसते व्याज. शिवाय ९०,००० रुपयांचे पीककर्ज आहे आणि सोने गहाण आहे.

नवखा समुपदेशक बेरीज करतो : १८,००० मधून ११,५०० गेले, उरले ६,५००. हप्ते ६,२०० आहेत, म्हणजे ३०० रुपये शिल्लक आणि सगळे ठीक आहे. इथेच चूक होते. उन्हाळ्यात मजुरी थांबली की त्याच घरात दरमहा ३,७०० रुपयांची तूट येते, ती भरायला नवे गटकर्ज काढले जाते आणि पुढच्या वर्षी हप्ते आणखी वाढतात. शेतीशी जोडलेल्या घराचा हिशेब सरासरीने कधीही मांडू नये. बारा महिन्यांचे बारा रकाने करावेत आणि कापसाचे पैसे ज्या महिन्यात येतात त्याच रकान्यात लिहावेत.

बैठकीचा क्रम असा ठेवावा. आधी माणसाला बोलू द्यावे, कागद नंतर मागावेत. मग सर्व देणी लिहावीत : संस्था, बाकी रक्कम, दर, हप्ता, किती दिवस थकले, तारण काय. नातेवाइकांकडून घेतलेले उसने पैसे लोक सांगत नाहीत, ते हळुवारपणे विचारावेत. नवरा-बायको दोघे समोर असावेत, कारण गटाचे कर्ज बहुधा तिच्या नावावर असते आणि सावकाराचे त्याच्या, आणि एकाला दुसऱ्याची पूर्ण रक्कम ठाऊक नसते.

त्यानंतर फेडीचा क्रम लावावा. सोन्याच्या लिलावाची तारीख जवळ असेल तर ते सर्वांत आधी, कारण ती तारीख उलटली की मागे जाता येत नाही. पीककर्ज मुदतीत भरले तरच व्याजसवलत टिकते. ३ लाख रुपयांपर्यंतच्या पीककर्जावर ७ टक्क्यांच्या दरात वेळेवर फेडणाऱ्याला ३ टक्के सूट मिळते, आणि डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत राज्य शासनाकडूनही व्याजात सवलत मिळते. म्हणून कापसाच्या पैशातून आधी पीककर्ज, मग सावकाराचे मुद्दल. ते मुद्दल फिटले की महिन्याचे १,२०० रुपये मोकळे होतात. व्याज भरत राहून मुद्दल तसेच ठेवणे, ही खान्देशातील घरांत मला सर्वाधिक दिसलेली आणि सर्वाधिक महागात पडणारी सवय आहे.

*सावधान :* कर्जदाराच्या वतीने पैसे घेऊन संस्थेत भरू नयेत, त्याचा ओटीपी विचारू नये, कोऱ्या कागदावर त्याची सही घेऊ नये आणि सल्ल्यासाठी त्याच्याकडून शुल्क किंवा तडजोडीतील टक्केवारी घेऊ नये. न्यायालयाची नोटीस आलेली असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवावे. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तिथे मोफत कायदेशीर मदत मिळते. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले असतील, तर इतर काहीही करण्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करायला लावावा.

यापेक्षाही गंभीर प्रसंग येतो. बोलता बोलता एखादा माणूस ‘आता जगून काय करायचं’ असे म्हणतो किंवा अचानक सगळी कागदपत्रे मुलाच्या नावे करण्याबद्दल विचारतो. अशा वेळी हिशेबाचा कागद बाजूला ठेवावा. जिवाचे काही बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो का, असे सरळ आणि शांतपणे विचारावे. त्याला एकटे सोडू नये, घरातील विश्वासाच्या माणसाला बोलवावे आणि १४४१६ या टेली-मानस (मानसिक आरोग्याची शासकीय मदतवाहिनी) क्रमांकावर त्याच्यासमोरच फोन लावावा. तिथे मराठीतही बोलतात. कर्जाची पुढची बैठक दुसऱ्या दिवशी घेता येते.

पायरी ८ : पाठपुरावा आणि पुढची वाट

प्रत्येक कुटुंबाची एक फाइल ठेवावी, आणि तिसऱ्या, सहाव्या व बाराव्या महिन्यात पुन्हा भेटावे. पहिल्या बैठकीत ठरलेल्या गोष्टींपैकी काय झाले आणि काय झाले नाही, हे त्या त्या तारखेसह लिहावे. फाइल कुलुपात असावी आणि तिचे फोटो स्वतःच्या फोनमध्ये ठेवू नयेत.

बँकेतील कायम लिपिकाच्या परीक्षेला पदवी लागतेच, ती अट अनुभवाने सुटत नाही. ज्यांना तिकडे जायचे आहे, त्यांनी काम सुरू झाल्याच्या दुसऱ्या वर्षीच यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात नाव घालावे आणि सुटीच्या दिवशी अभ्यास करावा. ज्यांना समुपदेशनातच राहायचे आहे, त्यांनी दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस आपल्या फायलींतून दहा प्रकरणे निवडून, ओळख पटेल असा सर्व तपशील काढून, प्रत्येकी एका पानाचा अहवाल तयार करावा : कुटुंब आले तेव्हा थकबाकी किती होती, कोणता क्रम लावला, वर्षानंतर किती उरली, आणि कोणता सल्ला चुकला. चुकलेल्या सल्ल्याचा रकाना रिकामा ठेवू नये. मुलाखत घेणारे अनुभवी लोक तोच आधी वाचतात.